घडीच्या बास्केटवर पुटिंगचा सराव : काही महिने वापरल्यानंतर

डिस्क गॉल्फमध्ये डिस्क फेकत नेऊन साखळ्या टांगलेल्या बास्केटमध्ये टाकायची असते; जवळून बास्केटमध्ये टाकायची शेवटची फेक म्हणजे पुट. त्याच्या सरावासाठी घेतलेल्या या घडीच्या बास्केटच्या साखळीची एक कडी गेल्या आठवड्यात उघडली, म्हणून हे लिहायला बसलो. बाकीचं आधी उरकतो. घडी पटकन होते, एका हाताने उचलता येते, रंग पावसात टिकला. साखळ्यांखाली डिस्क झेलणाऱ्या ट्रेचा काठ जमिनीपासून 82 सेंटिमीटरवर आहे, म्हणजे पीडीजीएच्या (या खेळाचे नियम ठरवणाऱ्या संघटनेच्या) मापात बसतो. तक्रार फक्त साखळ्यांची आहे. पण पुटिंगच्या बास्केटला साखळ्याच धड नसतील तर बाकीचं घेऊन करायचं काय?

साखळ्या बाहेरच्या एकाच रांगेत आहेत, त्याही हलक्या. मी उजव्या हाताने बॅकहँड पुट करतो, त्यामुळे वरून पाहिलं तर डिस्क घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. बास्केटच्या मधल्या दांड्याच्या उजव्या अंगाला लागली की फिरकीच तिला आवरते आणि ती ट्रेमध्ये पडते. डाव्या अंगाला लागली की तीच फिरकी तिला पुढे काढते. कोर्सवरच्या चांगल्या बास्केटमध्ये हा जोर आतली रांग खाते. इथे दोन साखळ्या पडद्यासारख्या बाजूला होतात आणि डिस्क पलीकडे गवतात. जोरात, सपाट मारलेला नीट पुट बाहेर आणि मऊ, लोंबता पुट आत.

पहिले काही आठवडे मला यात गैर वाटलं नव्हतं. उलट पुट आत जायला लागले होते. मनगटाचा झटका कमी झाला, हात पुढे लांबवून डिस्क वर उचलून सोडायची सवय लागली. पुश पुट म्हणतात तो हाच, आणि वारा नसताना तो फार छान बसतो.

मग वारा असलेल्या दिवशी कोर्सवर खेळलो. समोरच्या वाऱ्यात नाक (पुढची कड) वर असलेली डिस्क उचलली जाऊन बास्केटच्या डोक्यावरून गेली. पाठीमागून वारा आला तेव्हा तोच पुट ट्रेच्या खाली आपटला. बास्केटभोवतीच्या 10 मीटरच्या वर्तुळात डिस्क सोडल्यावर तोल सावरल्याशिवाय मार्करच्या (आधीची फेक जिथे थांबली तिथल्या खुणेच्या) पुढे जाता येत नाही, त्यामुळे उडी मारून जोर भरून काढायची सोयही नाही. जोर मागच्या पायावरून पुढच्या पायावर वजन आणूनच मिळतो, आणि वाऱ्यात डिस्क स्थिर राहते ती फिरकीने. या बास्केटने नेमकी तीच फिरकी माझ्या हातातून काढून घेतली होती. तेव्हापासून माझं मत बदललं ते बदललंच.

विक्रेत्याला कडीचा फोटो पाठवला. उत्तर आलं की साखळ्या ‘वापराने झिजणारा भाग’ आहेत, त्या वॉरंटीत येत नाहीत. ज्या वस्तूचं कामच डिस्कचे फटके खाणं आहे, तिच्यात फटके खाणाराच भाग वॉरंटीबाहेर! दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा तेच वाक्य परत आलं. मला हे पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

नवी बास्केट घेण्याइतके पैसे घालायचे नव्हते. जरा जाड साखळी आणली, तुकडे करून एस हुकांनी वरच्या कड्याला आतल्या बाजूने टांगली आणि खाली दांड्याजवळ एका रिंगमध्ये गोळा केली. फरक पहिल्याच दिवशी कळला: डाव्या अंगाचे सपाट पुट आता आत अडकतात, आवाजही खणखणीत येतो. पण वरचा भाग जड झाल्याने बास्केट झुकायला लागली, म्हणून पायावर वाळूची पिशवी ठेवतो. एका हाताने उचलायची सोय त्यात गेली.

सराव आता असा करतो. चार मीटरवरून सुरुवात, नजर पूर्ण बास्केटवर न ठेवता दांड्याच्या किंचित उजवीकडच्या एकाच कडीवर. सगळे पुटर (पुटसाठीच्या डिस्क) एकाच जातीचे ठेवतो, म्हणजे बोटांना काठ रोज वेगळा लागत नाही. सहा मीटरच्या पुढे गेलो की मनगट मुद्दाम वापरतो, डिस्क बाहेर आली तरी.

चार-पाच मीटरच्या आत, वारा नसलेल्या जागी, निव्वळ हात बसवायला ही बास्केट चालेल. त्यापुढचा सराव करणाऱ्यांनी घेताना साखळ्यांच्या रांगा मोजाव्यात. दोन नसतील तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.