रायहून सायकल काढायची तर कँबरकडे की हार्बरकडे?

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळचं राय गाव पाहून झालं, मर्मेड स्ट्रीटच्या ओबडधोबड दगडांवरून पाय दुखवून झाले, ईप्र टॉवर या जुन्या बुरुजापाशी उभं राहून खालची सपाट पाणथळ जमीन नजरेत भरली, की सायकलवाल्याला एकच सुचतं: मोटारींच्या नादी न लागता इथून कुठे जाता येईल? जवळच दोन वाटा आहेत. पहिली रॉदर नदीच्या पूर्वेकडून कँबरच्या वाळूला जाते आणि हौस असेल तर पुढे लिड गावापर्यंत. दुसरी नदीच्या पश्चिमेला, राय हार्बर या लहानशा वस्तीपासून निघून नदीच्या मुखाशी पोचते आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने विंचेल्सी बीचला.

नकाशात दोन्ही अगदी शेजारी दिसतात. मुखाशी उभं राहिलं तर पलीकडच्या काठावरची माणसं दिसतात. पण राय सोडल्यावर खाली समुद्रापर्यंत नदीवर पूल नाही, पलीकडे नेणारी होडीही नाही. त्यामुळे एकीने जावं आणि दुसरीने परतावं हा मनातला बेत मनातच राहतो. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे, त्यांना निवड करणं भाग आहे.

आधी कँबर, कारण बहुतेक जण तीच वाट धरतात आणि त्यात चूक काही नाही. राष्ट्रीय सायकल मार्ग क्रमांक 2 इथूनच जातो. गावाबाहेर पडलं की वेगळी, पक्की वाट मिळते आणि साधारण साडेसहा किलोमीटरवर कँबर येतं. वाटेत गोल्फचं मैदान लागतं. या मैदानाच्या जिवावर इथे एक छोटी ट्रामही चालली. 1895 साली ती सुरू झाली, 1908 साली थेट वाळूपर्यंत वाढवली आणि 1939 साली बंद पडली. मैदानाजवळचं तिचं पत्र्याचं स्टेशन अजून उभं आहे, काँक्रीटमध्ये रुतलेले रूळही पाहायला मिळतात. जुन्या रेल्वेचं वेड असेल तर इथे थोडा वेळ राखून ठेवा.

ही वाट मोटारमुक्त आहे, पण मोटारी शेजारीच असतात. उन्हाळ्यात ऊन पडलेल्या शनिवार-रविवारी कँबरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, आणि त्या रांगेशेजारून आरामात पुढे जाण्यात जो दुष्ट आनंद आहे, तो मी नाकारणार नाही. आवाज आणि धूर मात्र सोबत येतो. कँबरला पोचल्यावर वाळूच्या टेकड्या आहेत, ओहोटीला दूरवर उघडी पडणारी वाळू आहे, चिप्स आहेत. मुलांना किल्ले करायचे असतील तर इथे वाद संपतो, कारण हार्बरच्या बाजूला सगळा गोट्यांचा किनारा. तिथे फावडं-बादली घेऊन जाणं म्हणजे रुसवा ओढवून घेणं.

कँबरच्या पुढे ही वाट खरी रंगात येते. समुद्राच्या बांधालगत ज्युरीज गॅप नावाची जागा, मग लष्कराच्या गोळीबार मैदानाच्या कडेने लिड. रायपासून मोजलं तर एका बाजूने साधारण 16 किलोमीटर. एका हाताला मेंढ्यांची सपाट कुरणं आणि पवनचक्क्या, समोर दूरवर डंजनेसच्या अणुवीज केंद्राचे ठोकळे. ज्याला अंतर हवं, त्याच्यासाठी ही वाट उत्तम. जाताना तर असं वाटतं की आपण अचानक तरुण झालो.

आणि इथेच घोडं पेंड खातं. या किनाऱ्यावर वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. लिडकडे जाताना, विशेषतः ज्युरीज गॅपनंतर, तो पाठीवर असतो आणि त्याचं श्रेय आपण आपल्या पायांना देतो. परतताना लिड ते ज्युरीज गॅप हा तुकडा थेट नैर्ऋत्येला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडात. आडोसा नाही. झाड नाही, चढ नाही की उतार नाही. चढावर निदान माथा दिसतो, तो आला की सुटलो म्हणता येतं. इथे ज्युरीज गॅपही लांबून दिसतं आणि तसंच लांब राहतं. पुढे कँबरपासून रायपर्यंत वारा डाव्या खांद्यावर येतो, हँडल सरळ धरण्यात हात भरून येतात, आणि वाळूच्या टेकड्यांपाशी तो वाळूचे कण दातांत नि साखळीत सोडून जातो.

माझ्या मुलीच्या लहान चाकांच्या सायकलीला तर या परतीत पुढे जाणंच कठीण झालं. मी तिच्यापुढे राहून वारा अडवायचा, तिने माझ्या मागच्या चाकाला चिकटून यायचं, असं करत आम्ही आलो. ती काही बोलली नाही, हेच जास्त लागलं. माझ्यापुरता निकाल त्या परतीत लागला. दमणूक सुरुवातीला आली तर चालते, शेवटाला आली की दिवसाचा रंग उडतो.

हार्बरची वाट नेमकी उलटी बसते. वस्तीपासून मुखापर्यंत नदीसोबत आग्नेयेला, मग उजवीकडे वळून विंचेल्सी बीचकडे. वारा आधीच तोंडावर घ्यायचा, तेव्हा पाय ताजे असतात, आणि परतताना तोच वारा ढकलत आणतो. एका बाजूने जेमतेम पाच किलोमीटर, त्यामुळे फार हाल होण्याआधीच वळायची वेळ येते. शेजारी रस्ता नसल्याने आवाज फक्त लाटांचा आणि पक्ष्यांचा.

या बाजूला वाऱ्याने काय काय करून ठेवलंय तेही दिसतं. नैर्ऋत्येच्या लाटा इथले गोटे सतत पूर्वेकडे लोटत नेतात. आठव्या हेन्रीने सोळाव्या शतकात समुद्रावर नजर ठेवायला बांधलेला कँबर किल्ला आज पाण्यापासून मैलभर आत कुरणात उभा आहे, मधली सगळी जमीन गोट्यांची. (नाव कँबर असलं तरी तो हार्बरच्या बाजूला आहे. कँबरला जाऊन किल्ल्याचा रस्ता विचारू नका.) मुखाशी साठलेले गोटे ट्रकमध्ये भरून पुन्हा पश्चिमेला पेट गावाच्या किनाऱ्यावर नेऊन टाकावे लागतात, नाहीतर तिकडचा बांध उघडा पडेल. वारा आणतो, माणूस परत नेतो, वर्षानुवर्षं हेच चालू आहे. 1287 सालच्या वादळात तर जुनं विंचेल्सी समुद्राने गिळलं आणि रॉदर नदीनेही आपलं मुख बदलून रायची वाट धरली. आजचं विंचेल्सी नंतर टेकडीवर वसवलेलं.

किनाऱ्याच्या तुकड्यावर लाइफबोटीचं जुनं, ओकंबोकं घर लागतं. 15 नोव्हेंबर 1928 च्या पहाटे इथून ‘मेरी स्टॅनफर्ड’ ही बोट वादळात मदतीला निघाली. ज्यांच्यासाठी निघाली ते खलाशी आधीच वाचले होते, परत फिरण्याचा इशारा बोटीपर्यंत पोचला नाही, आणि तिच्यावरचे सगळे 17 जण गेले. एवढ्याशा वस्तीतली 17 माणसं. मी तिथे नेहमी थांबतो, मुलीलाही आता ठाऊक आहे.

दोष आहेतच. रायहून हार्बरच्या वस्तीपर्यंतचा रस्ता कारखान्यांच्या वसाहतीतून जातो आणि त्यावर अवजड ट्रक असतात. मोठ्यांना चालेल, पण लहान मूल सोबत असेल तर मी सायकली गाडीवर टाकून थेट हार्बरच्या वाहनतळावर उतरवतो. रेल्वेने येणाऱ्यांना हा मुद्दा जड जाऊ शकतो, आणि त्यांचं मत कँबरकडे झुकलं तर मी भांडणार नाही. दुसरं म्हणजे रविवारी दुपारी नदीकाठच्या तुकड्यावर चालणारे आणि त्यांचे कुत्रे पुष्कळ. घंटी वाजवून घाई करण्याची ही जागा नाही. हार्बरच्या बाजूचा हा किनारा अभयारण्य आहे, त्यातल्या बाकीच्या पायवाटांवर सायकल चालवू नये. किल्ला पाहायचा तर सायकल कुलपात आणि आपण पायी.

पक्ष्यांसाठी मे ते जुलै मला बरा वाटतो. कुररी गोट्यांवर घरटी करतात, त्यांच्या भोवती कुंपण असतं, आणि काळी-पांढरी अव्होसेट वाटेवरूनही दिसते. याच दिवसांत सी केलची पांढरी फुलं आणि पिवळी शिंगाळी पॉपी गोट्यांतून वर येते. जिथे मातीचा कण दिसत नाही तिथे एवढा बहर कसा येतो, हे अजून मला नीट पटत नाही.

म्हणजे कँबर वाईट का? मुळीच नाही. वाळू हवी, लांब पल्ला हवा, रेल्वेने येऊन स्टेशनपासूनच सायकल चालवायची, तर तिकडेच जा. वारा ईशान्येचा असेल, जसा वसंतात कधीकधी असतो, तर सगळं गणितच फिरतं. मग लिडहून परतताना तोच वारा पाठीशी येतो आणि विंचेल्सी बीचहून परतणाऱ्याच्या तोंडावर. माझी पद्धत अशी: आदल्या रात्री हवामानात पाऊस नाही, आधी वाऱ्याची दिशा पाहतो. बाण पश्चिमेकडून किंवा दक्षिणेकडून आला तर हार्बर. वर्षातले बहुतेक दिवस तो तिकडूनच येतो.