विंडोज ११ चा फाइल एक्सप्लोरर: नवशिक्यांसाठी चांगला, पण आधी सेटिंग बदला

ॲडमिशनचे दिवस आले की नागपुरात सीताबर्डीपासून मानेवाड्यापर्यंत ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत गर्दी होते, आणि काउंटरवर हमखास अडतं ते एकाच जागी: "स्कॅन केलेला दाखला गेला कुठे?" फाइल कुठेही गेलेली नसते. नव्या माणसाला ती दिसत नाही, कारण विंडोजने तिचा पत्ताच झाकून ठेवलेला असतो. फाइल एक्सप्लोररबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे. विंडोजबरोबर येणारा, फाइल्स आणि फोल्डर पाहण्या-हलवण्याचा हा प्रोग्रॅम मजबूत आहे, वेगळे पैसे पडत नाहीत, पण त्याची मूळची मांडणी शिकणाऱ्याच्या सोयीची नाही.

विंडोजचं बटण आणि ई एकत्र दाबलं की तो उघडतो तो 'होम' पानावर. तिथे अलीकडे वापरलेल्या फाइल्स दिसतात, पण त्या राहतात दुसरीकडेच. नवशिक्याला वाटतं फाइल 'होम'मध्येच आहे, आणि चार दिवसांनी ती यादीतून सरकली की हरवली असं वाटतं. वरच्या तीन टिंबांवर क्लिक करून 'ऑप्शन्स'मध्ये जा आणि 'ओपन फाइल एक्सप्लोरर टू' इथे 'धिस पीसी' निवडा. आता उघडल्या उघडल्या ड्राइव्ह, म्हणजे सी, डी असे साठवणीचे भाग दिसतील.

दुसरा बदल याहून महत्त्वाचा. 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू करा. नावातल्या टिंबानंतरची अक्षरं फाइलचा प्रकार सांगतात आणि विंडोज ती मुळात लपवून ठेवतं. त्यामुळे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही घातक फाइल ('ईएक्सई' म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्रॅम) पडद्यावर नुसती 'बिल.पीडीएफ' दिसते, आणि माणूस निर्धास्तपणे डबल क्लिक करतो. लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली फाइलही आधी याच नजरेने तपासावी.

एक्स्टेन्शन दिसू लागलं की एक वेगळी चूक होते. फॉर्मला पीडीएफ हवी असते, हातात फोटो असतो. मग एफ२ दाबून 'जेपीजी' खोडून 'पीडीएफ' लिहिलं जातं. विंडोज इशारा देतं, तो 'येस' म्हणून टाळला जातो, आणि वेबसाइट फाइल नाकारते. नाव बदलल्याने आतला मजकूर बदलत नाही. फोटो उघडून प्रिंटची आज्ञा द्या आणि प्रिंटर म्हणून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा. खरी पीडीएफ तयार होते.

फाइल माउसने ओढून नेण्याची सोय दिसायला सोपी आहे, पण नवशिक्याने ती टाळावी. एकाच ड्राइव्हवर ओढली तर फाइल हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर ओढली तर तिची नक्कल होते. हा फरक माहीत नसला की अर्जाच्या दोन प्रती तयार होतात, दुरुस्ती एकीत होते आणि अपलोड दुसरी होते. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्हीचीच सवय लावा. २०२२ पासून टॅब, म्हणजे एकाच खिडकीत अनेक फोल्डर उघडायची सोय, आले आहेत, पण शिकताना दोन खिडक्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या बऱ्या: एकीवर विंडोज-डावा बाण, दुसरीवर विंडोज-उजवा बाण. काही चुकलं तर लगेच कंट्रोल-झेड.

राइट क्लिकचा मेनू सुरुवातीला फारच त्रासदायक होता. कट, कॉपी, रिनेम यांची नुसती चिन्हं असायची. २०२४ च्या अपडेटपासून खाली नावं आली, हे चांगलं झालं.

फोल्डर किती करावेत? घरासाठी 'कागदपत्रे' नावाचा एक, त्यात प्रत्येक माणसाचा एक, आणि त्यात 'शाळा', 'जात-उत्पन्न', 'बँक'. तीन पायऱ्या पुरतात. खूप खोल गेलं की पूर्ण पत्त्याची २६० अक्षरांची जुनी मर्यादा आड येते आणि कॉपी अडते. तारीख लिहायची तर वर्ष आधी: २०२५-०६-१२. अशाने नावाप्रमाणे लावल्यावर क्रम बरोबर लागतो; शिवाय नावात तिरपी रेघ चालतच नाही, म्हणून आडवी रेघ. मराठी नावं विंडोजला नीट चालतात. मात्र अपलोड करायच्या फाइलला इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता नाव द्या. काही वेबसाइट मराठी नाव घेत नाहीत.

शोध हा या प्रोग्रॅमचा सर्वांत कच्चा भाग. मूळ सेटिंगमध्ये तो डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप यांचीच सूची ठेवतो, म्हणून डी ड्राइव्हवर शोधताना रखडतो. सेटिंग्जमधल्या शोधाच्या पानावर 'एनहान्स्ड' निवडा, म्हणजे पूर्ण कॉम्प्युटरची सूची होईल. पहिली सूची तयार होताना लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा.

वनड्राइव्हकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीकडे, लक्ष असू द्या. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स त्यात जाऊ शकतात, आणि फुकटची जागा फक्त ५ जीबी. फाइलजवळ निळा ढग दिसला तर ती इंटरनेटशिवाय उघडणार नाही. राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा.

पेनड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट पुसली जाते. पेनड्राइव्ह एफएटी३२ (फाइल्स साठवायची एक जुनी पद्धत) प्रकारचा असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल, त्यात जागा असूनही, बसत नाही. आणि उन्हाळ्यात वादळ आलं, लाईट गेली, की डेस्कटॉप कॉम्प्युटर कामाच्या मधेच बंद पडतो. म्हणून पेनड्राइव्हवर नेताना कट नको, कॉपीच करा. मग पेनड्राइव्हमधली प्रत उघडून पाहा, ती बंद करा, 'इजेक्ट' करा, आणि त्यानंतरच मूळ फाइल काढायची की नाही ते ठरवा.