वर चढून बघितल्याशिवाय दर न सांगणारा पत्रेवाला

घराच्या पत्र्यांचं काम करून घेतलं त्याचा हा रिव्ह्यू. पाचपैकी साडेचार देतेय, आणि मुख्य कारण म्हणजे या माणसाने गळती नेमकी कुठून आहे ते शोधल्याशिवाय पैशाचा विषयच काढला नाही. त्याच्याआधी जे आले त्यांनी खालूनच मान वर करून सांगितलं की सगळे पत्रे बदलावे लागतील. एकजण तर न बोलावता दारात हजर, जवळच काम चालू आहे, माल उरलाय, आजच हो म्हणा, स्वस्तात करतो, फक्त मालाचे पूर्ण पैसे आत्ता द्या. ऑफिसचा पत्ता विचारला तर नुसता मोबाईल नंबर!! अशा माणसाला वर चढूच देऊ नका, काहीजण वर जाऊन चांगला पत्रा उचकटतात नाहीतर भलत्याच छताचा फोटो दाखवून घाबरवतात.

हा पत्रेवाला मात्र आधी आत आला, डाग बघितला, मग वर जाऊन डागापासून चढाच्या दिशेने शोधत गेला, कारण पाणी आत एका जागी शिरतं आणि पत्र्याखालच्या आधाराच्या पाइपवरून सरकत भलतीकडेच टपकतं. फोटो काढले ते पण आमची टाकी दिसेल असे, म्हणजे छत आमचंच हे कळतं. निघालं काय तर भिंतीला लागून असलेलं फ्लॅशिंग, म्हणजे भिंत आणि पत्र्याचा सांधा झाकणारी पट्टी, सुटलेलं आणि बऱ्याच स्क्रूंचे रबरी वॉशर तडकलेले. "ताई, पत्रे धड आहेत, कडेचे गंजलेत तेवढेच बदलू" असं स्वतःहून म्हणाला, तिथेच मी ठरवलं काम याच्याकडेच द्यायचं.

कोटेशनमध्ये पत्र्याचा ब्रँड, जाडी, स्क्रू, जुना माल उचलणं सगळं वेगवेगळं लिहिलेलं. जाडीचं नीट समजून घ्या हं, इथे खूप फसवतात. 0.50 मिमी म्हणताना ती कोटिंग आणि रंग धरून आहे की नुसत्या लोखंडाची आहे हे लिहून घ्यायचं, आणि माल आला की वर चढवायच्या आधी जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावायचा. 0.45 आणि 0.50 मधला फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही. याने मी मागायच्या आधीच मोजून दाखवलं.

कामगारांना सेफ्टी बेल्ट होते. स्क्रू पत्र्याच्या नालीत नाही, उंचवट्यावर मारले, वॉशर चेपून फुटेल इतके आवळले नाहीत, आणि संध्याकाळी ड्रिलचा चुरा झाडून काढला, तो राहिला तर पत्र्यावर गंजाचे ठिपके पडतात.

अर्धा स्टार कापलाय तो फोन न उचलण्याबद्दल, काम लांबलं तर निदान कळवायला तरी हवं होतं.

पैसे टप्प्याटप्प्याने घेतले, शेवटचा हप्ता पाण्याची टेस्ट झाल्यावर. पाइपने आधी खालच्या बाजूला पाणी सोडलं, थांबून आत बघितलं, मग हळूहळू वर सरकले, म्हणजे गळलंच तर नक्की कुठून ते कळतं. सगळं कोरडं निघालं. पत्र्याची वॉरंटी कंपनीची आणि फिटिंगची याची स्वतःची, दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर पक्क्या बिलासोबत दिली, बिल जपून ठेवा, वॉरंटीचा क्लेम करताना तेच मागतात.