राखीव कंत्राट की मोठ्या कंत्राटातला वाटा?

ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारचं आदिवासी उद्योगांकडून खरेदी करण्याचं धोरण 1 जुलै 2015 पासून लागू आहे. त्यात शिरायच्या वाटा दोन.

पहिली वाट राखीव कंत्राटाची. खरेदी 80,000 ते 2,00,000 डॉलरची असेल, तर खात्याने आधी ‘सप्लाय नेशन’ या आदिवासी उद्योगांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या सूचीत आदिवासी उद्योग शोधायचा. काम पेलणारा आणि वाजवी दर देणारा मिळाला, तर खुली निविदा निघत नाही. पैसे थेट सरकारकडून येतात. मात्र सूचीत आपल्या कामाचं वर्णन मोघम लिहिलं, तर शोधात नावच दिसत नाही. बरेच जण इथेच मार खातात.

दुसरी वाट ठरावीक क्षेत्रांतल्या 75 लाख डॉलर व त्यावरच्या कंत्राटांची. मुख्य कंत्राटदाराला आदिवासी कामगार किंवा पुरवठादारांचा किमान वाटा गाठावा लागतो. रक्कम मोठी, पण तुम्ही उपकंत्राटदार. वरचं बिल रखडलं की तुमचं खेळतं भांडवल आटतं. शिवाय तो वाटा नुसत्या कामगारभरतीतूनही भरता येतो, मग उद्योगाच्या हाती काय?

नव्या उद्योगाने पहिली वाटच धरावी. नावापुरता आदिवासी भागीदार दाखवणारे उद्योग दोन्हीकडे घुसतात. म्हणून एक फरक पाहा: ‘सप्लाय नेशन’च्या साध्या नोंदणीला ठरावीक मालकी पुरते, प्रमाणपत्राला 51% मालकीसोबत व्यवस्थापन आणि नियंत्रणही आदिवासींकडेच लागतं.