हबवरचा शिक्का खरा, सायकल खोटी : व्हिंटेज सायकल घेणाऱ्यांनी वाचाच

जुन्या सायकली जमवणारे, रिस्टोअर करणारे किंवा पहिलीच व्हिंटेज सायकल घ्यायच्या विचारात असलेले जे कोणी असाल त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. मोठं आहे पण वाचा. मला एका माणसाने १९५१ ची रॅले (इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची सायकल कंपनी) म्हणून जी सायकल विकली ती रॅले नाहीच, आणि त्यात १९५१ ची खात्रीने सांगता येईल अशी एकच वस्तू आहे, मागच्या चाकाचा हब, म्हणजे चाकाच्या मधला, आरे जोडलेला भाग. त्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही पण त्याने काय काय केलं ते सगळं लिहितो, कारण असं करणारा तो एकटा नाही आणि एकदा पद्धत कळली की पुढच्याला ती लगेच ओळखता येईल.

त्याचं म्हणणं असं होतं की नॉटिंगहॅमच्या कारखान्यातली ओरिजिनल क्लब सायकल (सायकल क्लबवाल्यांची हलकी, वेगाची) आहे, फ्रेम रेनॉल्ड्स ५३१ ची, हब स्टर्मी-आर्चर कंपनीचा थ्री स्पीड, म्हणजे आतच तीन गिअर असलेला, एकाच घरात राहिलेली, फक्त रंग नवीन मारलाय. नवीन लोकांसाठी सांगतो, रेनॉल्ड्स ५३१ म्हणजे १९३५ साली बाजारात आलेली मँगनीज-मॉलिब्डेनम स्टीलची नळी. तिच्या बटेड प्रकारात भिंत टोकांना जाड आणि मधे पातळ असते, म्हणून फ्रेम हलकी होते पण सांध्यांना ताकद राहते. चांगल्या रेसिंगच्या आणि क्लबच्या सायकली तिच्या बनायच्या, रोजच्या वापराच्या रोडस्टर साध्या जड स्टीलच्या. बाहेरून रंगवलेल्या फ्रेममधे दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात, आणि किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक पडतो. सगळी लबाडी याच फरकावर उभी असते.

बघायला गेलो तर तो आधी खाली बसला, फडक्याने मागचा हब पुसला, टॉर्च मारला आणि म्हणाला, "साहेब, तुम्हीच वाचा." एडब्ल्यू (या थ्री स्पीड हबच्या मॉडेलचं नाव), बाजूला ५१, आणि पुढे ३. आता हे खरंच आहे, स्टर्मी-आर्चरच्या हबच्या कवचावर वर्षाचे दोन आकडे आणि बऱ्याचदा महिन्याचा आकडा ठोकलेला असतो, म्हणजे हा हब मार्च १९५१ चा. शिक्का अस्सल होता, आजही माझं तेच मत आहे. पण तो शिक्का फक्त हबबद्दल बोलतो. एडब्ल्यू हब १९३६ साली आला आणि पुढे कित्येक दशकं प्रचंड संख्येने बनत राहिला, भंगारात पडलेल्या सायकलींमधून पाहिजे त्या वर्षाचा हब शोधून काढणं अजिबात अवघड नाही, आणि मागचं चाक बदलायला असा किती वेळ लागतो? त्या एका तारखेवर त्याने अख्खी सायकल १९५१ ची केली, आणि मी दुसरीकडे बघायला लागलो की परत गाडी हबवर आणायचा.

दुसरीकडे बघण्याच्या सगळ्या वाटा त्याने आधीच बंद करून ठेवल्या होत्या, हे मात्र नंतर कळलं. सीट पोस्ट (फ्रेमच्या नळीत बसणारा सीटचा दांडा) काढून दाखवा म्हटलं तर, "अडकलाय साहेब, वर्षानुवर्षं हललेला नाही, जोर लावू नका, फ्रेम फाटेल." हे ऐकायला खरं वाटतं कारण जुन्या सायकलीत सीट पोस्ट गंजून खरंच जाम होतात. फ्रेमचा नंबर कुठाय विचारलं तर, "पावडर कोटिंगच्या थराखाली गेला." तेही पटण्यासारखं, पावडर कोटिंगचा थर जाड असतो, शिक्के बुजतात. आणि वर एक छापील व्हॅल्युएशन रिपोर्ट हातात दिला, कुणा 'तज्ज्ञाचा', सही-शिक्क्यासकट, त्यात मॉडेल, साल, अंदाजे किंमत सगळं व्यवस्थित. नंतर तो रिपोर्ट शांतपणे वाचला तेव्हा लक्षात आलं की सालाचा पुरावा म्हणून त्यातही फक्त हबचा शिक्काच दिलाय, आणि रिपोर्टमधल्या फोटोत खाली जी फरशी दिसते ती विकणाऱ्याच्याच गॅरेजची आहे, तोच तडा, तोच तेलाचा डाग.

घरी आणल्यावर बॉटम ब्रॅकेटमधून (पायडलचा आस जिथे फिरतो तो फ्रेमचा खालचा भाग) कटकट आवाज यायला लागला म्हणून ओळखीच्या एका जुन्या मिस्त्री काकांकडे सायकल उघडली. त्यांनी पहिल्यांदा सीट पोस्टला हात घातला. गंज सोडवणारं तेल सोडलं, रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी क्लँपच्या कडेचा रंग ब्लेडने कापला आणि पोस्ट पिळून बाहेर काढला. आत गंज जवळजवळ नव्हताच. रंग कडेने मुद्दाम भरलेला होता आणि आतल्या बाजूला इपॉक्सीसारखा चिकट पदार्थ लावलेला होता. म्हणजे पोस्ट जाम झाला नव्हता, जाम केला होता. का, ते कॅलिपर लावल्यावर कळलं. पोस्ट २५.४ मिमीचा होता. सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास या जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या फ्रेममधे साधारण २८.६ मिमी असतो, म्हणजे भिंत झाली दीड मिलीमीटरच्या वर. बटेड ५३१ च्या फ्रेममधे पोस्ट २७ च्या आसपास बसतो, २७.२ हे तर नेहमीचं माप, कारण नळीची भिंत तिथे मिलीमीटरपेक्षाही पातळ असते. २५.४ चा पोस्ट म्हणजे सरळ सरळ साधी जाड नळी. फ्रेमवर ५३१ चं कितीही सुंदर स्टिकर असू दे, हे गणित स्टिकरला ऐकत नाही. (स्टिकरही नवीन छपाईचं होतं, नखाने कडा लागत होती. रेनॉल्ड्सची स्टिकरं नवीन छापलेली सहज मिळतात, रिस्टोरेशनसाठी ती लागतातच, त्यात गैर काही नाही, पण म्हणूनच स्टिकर हा पुरावा धरू नका.)

मग बॉटम ब्रॅकेट. काका म्हणाले कप (त्यात आट्यांनी बसणाऱ्या बेअरिंगच्या वाट्या) खराब झालेत, नवे टाकू, रॅले आहे म्हणजे २६ आट्यांचे आण. हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, बाकीच्या ब्रिटिश सायकलींमधे इंचाला २४ आटे असतात पण नॉटिंगहॅमच्या रॅलेने आपल्या सायकलींना स्वतःचे २६ आटे ठेवले होते, जुनी रॅले दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाने यावरून डोकं धरलेलं असतं. मी २६ चे कप शोधून आणले, मोठी मारामार करून मिळाले, आणि ते दीड फेऱ्यात अडकले. काकांनी आटे मोजायची पट्टी लावली, २४. दुसऱ्या बाजूलाही २४. काका काही बोलले नाहीत, पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तूच बघ."

चेनव्हील (चेन फिरवणारं पुढचं दातेरी चक्र) मात्र खरी रॅलेची होती, बगळ्याची कापीव नक्षी असलेली. तीही हबसारखीच कुठून तरी आणून बसवलेली. चेनव्हील ज्यावर असते ती कॉटर पिनची क्रँक (पाचरीसारख्या खिळीने बसवलेला पायडलचा दांडा) काढायला आणि दुसरीवर घालायला काहीच लागत नाही.

यानंतर मी रंग उतरवायचं ठरवलं, आणि सगळ्यात वाईट जे होतं ते तिथे निघालं. हेड ट्यूबवर (हँडलखालची पुढची आखूड नळी) बॅज ज्या रिव्हेटांनी बसवला होता त्याच्या वर-खाली आणखी दोन भोकं, पुटी भरून बुजवलेली, वेगळ्या अंतरावर. म्हणजे मूळ बॅज दुसऱ्याच कंपनीचा. आणि खालच्या नळीवर हेड लगच्या (हेड ट्यूबच्या सांध्यावरची लोखंडी बाही) मागे पुटीचा थर, तो खरवडला तर खाली नळीला आडवी सुरकुती आणि सुरकुतीत केसासारखी चीर. कधीतरी ही सायकल समोरून जोरात आदळलेली आहे. या फ्रेमवर मी उतारावरून गेलोय, आणि माझ्या पुतणीलाही चालवायला दिली होती. पैशाचं एक वेळ सोडा, पण चिरलेल्या फ्रेमवर पुटी मारून रंग देणं आणि ती दुसऱ्याच्या हातात देणं याला माझ्याकडे माफी नाही. तिथली नळी तुटली तर पुढचं चाक फ्रेमपासून सुटतं आणि चालवणारा तोंडावर पडतो.

त्याला फोन केला, फोटो पाठवले. आधी म्हणाला की मला जशी मिळाली तशी दिली. मग म्हणाला व्हिंटेजमधे पार्ट इकडचे तिकडचे असतातच. मग मी त्याला त्याचाच मेसेज पाठवायला गेलो ज्यात "ओरिजिनल फ्रेम, ५३१" असं लिहिलं होतं, तर तो मेसेज त्याने माझ्या बाजूनेही डिलीट केलेला. नंतर ब्लॉक. त्यामुळे कोणाकडूनही घेताना दावा काय आहे तो पावतीवर लिहून घ्या, साल, कंपनी, नळी, फ्रेमचा नंबर, कुठे दुरुस्ती झालीये का, आणि मेसेजचे स्क्रीनशॉट त्याच वेळी काढून ठेवा. आणि नंबर मिळत नसेल तर थांबा. घासलेला नंबर म्हणजे फक्त खोटी सायकल असं नाही, चोरीचीही असू शकते, मग भलतंच प्रकरण गळ्यात येतं.

बघायला जाल तेव्हा सायकलीवरच्या एका तारखेवर विश्वास ठेवू नका, सगळ्या तारखा एकमेकींशी जुळतात का ते बघा. आरे मोजा. जुन्या ब्रिटिश सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे असायचे, माझ्या सायकलीला पुढे ३६ निघाले, म्हणजे पुढचं चाकही परकं. क्रोम बघा, क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या शेवटी शेवटी रुळला, त्याआधी निकेल असायचं, त्याची झाक जराशी पिवळट असते, त्यामुळे १९१० ची म्हणून कोणी निळसर चकाकणारं हँडल दाखवलं तर ते हँडल तरी नंतरचं आहे किंवा नंतर मुलामा दिलेलं आहे. इटालियन सायकल असेल तर कॅम्पाग्नोलोच्या जुन्या हबच्या लॉकनटवर वर्षाचे दोन आकडे सापडतात. जपानी असेल तर शिमानोच्या पार्टवर दोन अक्षरं असतात, पहिलं वर्षाचं दुसरं महिन्याचं, ए म्हणजे १९७६ पासून सुरू, एए म्हणजे जानेवारी १९७६. पार्टची तारीख फ्रेमच्या थोडी आधीची असणं साहजिक आहे, कारखान्यात माल पडून असतो. सगळे पार्ट वेगवेगळ्या दशकातले निघाले तर ती जोडलेली सायकल आहे. जोडलेली सायकल वाईट नसते हो, चालवायला मस्त असते, पण ती जोडलेली म्हणून, जोडलेलीच्या किमतीत विकली पाहिजे.

खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा, कापडात गुंडाळलेलं, म्हणजे रंग खराब होत नाही. नळ्यांवरून फिरवा, जिथे पकड एकदम ढिली होते तिथे खाली पुटी आहे. खालच्या आणि वरच्या नळीला हेड लगच्या मागून बोट फिरवा, सुरकुती असेल तर हाताला लागते. मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो ती फ्रेमची खाच) दोरा हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा, सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर सारखं पाहिजे. विकणारा प्रामाणिक असेल तर तो स्वतः दोरा धरायला मदत करतो, असे लोकही भेटलेत.

किमतीबद्दल थोडंसं. मला त्याने ऑनलाइन जाहिराती दाखवल्या होत्या, बघा इतक्याला आहे. जाहिरातीत कोणी काहीही आकडा टाकतं, खरी किंमत म्हणजे ज्या आकड्याला सायकल खरोखर विकली गेली तो. आणि नवा चकचकीत रंग बघून जास्त पैसे देऊ नका. जाणकार माणूस मूळ रंगाला, मूळ लायनिंगला (नळ्यांवरच्या बारीक रंगीत रेघा), फिकट का होईना पण जागेवर असलेल्या मूळ ट्रान्सफरला (कंपनीचं छापील नाव-चिन्ह) जास्त मान देतो, कारण तो रंग एकदा सँडब्लास्ट करून उडवला की परत येत नाही आणि त्याच्याबरोबर सायकलीची ओळखही जाते. गंजलेल्या पण पूर्ण सायकलीला घाबरू नका. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या सौम्य पाण्यात पोलादी भाग ठेवले तर गंज सुटतो आणि बहुतेक वेळा रंग टिकतो, आधी कोपऱ्यात करून बघा, हातमोजे घाला, अ‍ॅल्युमिनियमचे भाग त्यात टाकू नका.

रिस्टोरेशनला देतानाही हेच. माझ्या एका मित्राची पूर्ण ओरिजिनल सायकल रंगाला दिली होती, परत आली तेव्हा ब्रुक्सच्या जुन्या सीटच्या जागी दुसरीच सीट आणि हबचं साल बदललेलं. देण्याआधी प्रत्येक शिक्क्याचा जवळून फोटो काढा, यादीवर रिस्टोअर करणाऱ्याची सही घ्या, आणि शक्य असेल तर हब, सीट, पायडल घरीच ठेवून फक्त फ्रेम द्या.

माझी फ्रेम मी कोणाला विकलेली नाही, विकणारही नाही, बॅज आणि स्टिकर काढलंय आणि चिरेच्या जागी करवतीने आरपार कापलीये म्हणजे ती परत रंगून कुठे उभी राहायला नको. हब काकांनी उघडून छर्रे धुवून तेल घालून दिला, तिन्ही गिअर छान पडतात. आणि तो माणूस अजून विकतोय. मागे एक जाहिरात दिसली, पहिलाच फोटो हबच्या शिक्क्याचा, खालून काढलेला एकही फोटो नाही. मित्राच्या नंबरवरून विचारलं, सीट पोस्ट बाहेर काढून फोटो पाठवता का. उत्तर आलं, अडकलाय, जोर लावू नका.