तरंगती टाकी, फुगा की दीनबंधू: गोठ्याला कोणता गोबरगॅस?

तिन्ही प्रकारांत शेण तेच आणि गॅसही तोच. फरक पडतो तो गॅस साठवण्याच्या पद्धतीत, आणि त्यावरूनच ठरतं की तुमच्या जमिनीत कोणतं संयंत्र टिकेल. म्हणून दरपत्रकं गोळा करण्याआधी दोन गोष्टी पाहा: गोठ्यात रोज किती शेण मिळतं आणि खाली माती कोणती आहे.

शेण सलग आठ दिवस वजन करून मोजा. मध्यम गाय दिवसाला 10 किलो, म्हैस 15 किलोच्या आसपास शेण देते, पण हा हिशेब गोठ्यात बांधलेल्या जनावराचा. चरायला जाणाऱ्या जनावराचं निम्मं शेण रानातच पडतं. किलोभर ताज्या शेणापासून साधारण 40 लिटर गॅस मिळतो. म्हणजे 2 घनमीटरच्या, म्हणजे रोज तेवढा (2,000 लिटर) गॅस देणाऱ्या संयंत्राला रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी हवं. त्यावर पाच-सहा माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो. आंघोळीचं पाणीही त्यावरच तापवायला गेलात तर संध्याकाळच्या भाकरीला गॅस पुरणार नाही. 30 किलोच शेण मिळत असेल तर 1 घनमीटरचं बांधा. मोठं बांधून अर्धपोटी ठेवलं तर गॅस कमीच येतो, आणि लोक दोष संयंत्राला देतात.

एकच गाय असेल तर या तिन्हींच्या नादी लागू नका. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने खरकट्यावर चालणारं प्लॅस्टिकच्या दोन टाक्यांचं छोटं संयंत्र केलं, ते बघा. मात्र त्यात एकदम बादलीभर शिळा भात ओतला की ते आंबतं आणि गॅस बंद होतो. मग आठवडाभर खरकटं थांबवून थोडं शेण घालत राहावं लागतं.

तरंगती टाकी हा खादी ग्रामोद्योगवाल्यांचा जुना नमुना. विटांची विहीर आणि तिच्यावर उपडी ठेवलेली लोखंडी टाकी. टाकी किती वर आली यावरून गॅस किती शिल्लक आहे हे घरातल्या पोरालाही कळतं. टाकीच्या वजनामुळे दाब कायम सारखा राहतो, त्यामुळे ज्योत नाचत नाही. रोज सकाळी टाकी हाताने अर्धा वळसा फिरवली की वर जमलेली साय फुटते. दुखणं गंजाचं. स्लरी (आतला शेण-पाण्याचा काला) आणि हवा जिथे मिळतात त्या पट्ट्यात पत्रा आधी कुरतडला जातो. दरवर्षी टाकी उतरवून, खरवडून काळा डांबरी रंग दिला नाही तर काही वर्षांत भोकं पडतात. फायबरची टाकी घेतली तर ही कटकट जाते, पण सुरुवातीचा खर्च वाढतो. शिवाय लोखंडी टाकी उघड्यावर असल्याने थंडीत उष्णता निघून जाते. डिसेंबर-जानेवारीत गॅस कमी झाला तर बिघाड शोधत बसू नका.

फुगा, म्हणजे जाड रबरी कापडाची तयार पिशवी, चर खणून एका दिवसात बसते. खंडाने घेतलेल्या जमिनीवर तोच बरा, कारण घडी घालून नेता येतो. दाब मात्र कमी, म्हणून वर वाळूच्या पिशव्या ठेवाव्या लागतात. उंदीर, बाभळीचा काटा, शेळीचा खूर, शेजारच्या चुलीतली ठिणगी यांतलं काहीही त्याला पुरतं. भोवती कुंपण आणि वर सावली नसेल तर घेऊच नका.

दीनबंधू नमुना 1984 साली आला. यात सगळं जमिनीखाली असतं: विटांचा घुमट, लोखंड नाही, गंज नाही. चांगला बांधला तर वीस वर्षं सहज जातात आणि थंडीतही जमिनीची ऊब मिळते. पण सगळा भरवसा गवंड्यावर. घर बांधणारा गवंडी घुमट बांधेलच असं नाही. पाणी न गळणारी टाकी गॅसला रोखेलच असंही नाही. त्याने आधी बांधलेलं, पाच वर्षं चाललेलं एखादं संयंत्र पाहूनच काम द्या.

दुसरा प्रश्न काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्या ओढाताणीत घुमटाला केसाएवढी चीर पडली तरी गॅस गेलाच. अशा जागी खड्डा मोठा खणा आणि घुमटाभोवती मुरूम भरा. मुरूम चारी बाजूंनी सारखा, वीतभर थराने, पाणी मारून धुमसत भरायचा. एकाच बाजूने ट्रॉली रिकामी केली तर ओला घुमट तिथेच सरकतो. कोकणात जांभा खणताना घाम निघतो, पण तो असा हलत नाही.

शेण भरण्याआधी चाचणी घ्या. टाकीत पाणी भरत आणा, गॅसचा कॉक बंद करा आणि आणखी पाणी ओता. आत अडकलेली हवा दाबली जाते. पाइपला पारदर्शक नळीचा ‘यू’ जोडून त्यातल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. पातळी बरीच उतरली असेल तर आधी पाइपच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावा. तिथे बुडबुडे नसतील तर गळती घुमटात आहे. पाणी उपसून आतला गिलावा पुन्हा करायला लावा, आणि हे होईपर्यंत गवंड्याचा शेवटचा हप्ता देऊ नका. ही दुरुस्ती आत्ताच सोपी असते. शेण पडल्यावर आत विषारी वायू साठतो आणि प्राणवायू नसतो, त्यामुळे रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत उतरलेली माणसं दगावतात.

पहिल्या भरणीला 2 घनमीटरच्या संयंत्रात सुमारे 2 टन शेण आणि तेवढंच पाणी लागतं. शेजाऱ्यांकडून आणा, पण ताजं. वाळलेली शेणी चालत नाही. दोन-तीन आठवड्यांनी येणारा पहिला गॅस पेटत नाही, कारण त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो मोकळ्यावर सोडून द्या. काडी लावून बघायचं ते शेगडीपाशी, टाकीच्या तोंडाशी नाही.