पुण्यात धायरीतलं डेंटिंगचं गॅरेज : काम एक नंबर, टायमिंगची बोंब

जुनी स्विफ्ट घेतलीये. आधीच्या मालकांनी सोसायटीच्या गेटच्या खांबाला डावा कोपरा ठोकला होता आणि ते त्यांनी सरळ सांगितलंही होतं, त्यामुळे फसवणूक वगैरे काही नाही. पण अवतार बघवत नव्हता. डावीकडे बॉनेट आणि फेंडरच्या (पुढच्या चाकावरचा पत्रा) मधे करंगळी जाईल एवढी फट, उजवीकडे नखसुद्धा जाईना, बंपर चाकाजवळ सुटलेला, आणि डावा दरवाजा पूर्ण उघडला की फेंडरला घासून कडेचा रंग उडायचा.

एका चकाचक गॅरेजवाल्याने खाली न वाकताच फेंडर नवीन, बंपर नवीन, तीन पॅनल पेंट असं २२ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं, वर म्हणे इन्शुरन्सचा क्लेम टाका. अहो, ठोकलंय माझी पॉलिसी सुरू व्हायच्या आधी, क्लेम कसा टाकू? आणि माझ्या आधीच्या गाडीवरचा ५० टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममधे मिळणारी सूट, या पॉलिसीवर आणलाय (तो मालकाचा असतो, गाडीचा नाही), तो एका क्लेममधे साफ.

मग ऑफिसातल्या एकाने धायरी फाट्याच्या आतलं हे गॅरेज सांगितलं. पत्र्याची शेड, बोर्ड धड वाचता येत नाही, पण मिस्त्रीकाका माणूस जाणकार. मी बॉनेट बॉनेट करत होतो तर म्हणाले, "दादा, बॉनेट नंतर. आधी दार बघू, मग दाराला धरून फेंडर, मग फेंडरला धरून बॉनेट, लाइट आणि बंपर सगळ्यात शेवटी." दार जागेवरच होतं, फेंडर मागे सरकलेला. दहाचा पाना घेऊन त्याचे बोल्ट नुसते ढिले केले, एक बोल्ट तर दार उघडल्यावरच दिसतो, आणि भोकं जरा मोठी असतात त्यामुळे तेवढ्यात फेंडर पुढे घेता आला. आतला लाइटचा सपोर्ट दबला होता तो हळूहळू ओढून घेतला, कापाकापी नाही, पुट्टी नाही. बॉनेटच्या बिजागरीभोवती आधी मार्करने रेघ मारली, मग बोल्ट सैल करून बॉनेट किंचित सरकवायचं, बंद करायचं, दोन्हीकडच्या फटीवरून बोट फिरवायचं, परत उघडायचं. हे किती वेळ चाललं होतं विचारू नका, मी तोवर दोन चहा मारले. बॉनेट टेकतं ती पुढची रबरी बटणं फिरवून उंची लेव्हल केली आणि शेवटी लॉक ओढून आतला दुसरा हुक बॉनेट धरून ठेवतोय का तेही दाखवलं. बाकीचे लोक हे बघतच नाहीत, आणि तो हुक नीट बसला नसेल तर हायवेला बॉनेट उडून थेट काचेवर!

हेडलाइटचा तुटलेला कान (लाइट जिथे बोल्टने बसतो तो प्लास्टिकचा तुकडा) प्लास्टिक वेल्डिंगने जोडला. लाइटखाली एखादा मिलिमीटर फरक राहील, तो घालवायचा तर सपोर्टच बदलावा लागेल आणि त्याची गरज नाही, हे कामाच्या आधीच सांगितलं होतं. तेवढाच राहिलाय, मला चालतंय. सगळे मिळून ३५०० घेतले, दाराच्या कडेचा टचअप त्यातच.

आता तक्रारी. संध्याकाळी देतो म्हणाले आणि गाडी मिळाली दुसऱ्या दिवशी रात्री, मधे फोन उचलायचा नाही. बंपरला ओरिजिनल क्लिपांच्या जागी चक्क स्क्रू मारले होते, मी कटकट केल्यावर म्हणे नाना पेठेतून क्लिपा आणा, बसवून देतो. आणल्या, बसवून दिल्या, त्याचे पैसे नाही घेतले हेही खरं. सीटवर ग्रीसचे हात, सीटला कव्हर घालूनच न्या. पक्कं बिल मिळत नाही.

पाचपैकी चार स्टार देतो, पाचवा त्या फोनसाठी कापला. गुरुवारी बंद असतं, आणि शनिवारी जाऊ नका, गाडी लावायला जागा नसते.